अव्वल बुद्धिबळ स्पर्धेचा अंदाज बांधण्याची रीत

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये फिडेची, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाची, विश्वचषक स्पर्धा गोव्यात हडफडे येथे चालू होती, तेव्हा सावंतवाडी-बांद्याकडच्या बुद्धिबळप्रेमींना जगातले आघाडीचे खेळाडू पाहण्यासाठी फारसा प्रवास करण्याची गरज नव्हती. या भागात बहुतेकांचा अंदाज एका वाक्यात संपत असे: गुकेश जिंकणार. जगज्जेता डी. गुकेश तिसऱ्या फेरीतच जर्मनीच्या फ्रेडरिक स्वानेकडून पराभूत झाला आणि चषक सोळावे मानांकन असलेल्या उझबेकिस्तानच्या जावोखिर सिंदारोवने नेला. गुकेशचे नाव घेणाऱ्यांची निवड वाईट नव्हती. एकच नाव घेऊन थांबणे ही त्यांची अडचण होती. कोणत्या निकालाची शक्यता किती टक्के, हे फेरी सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवणे म्हणजे अंदाज, आणि तो कसा लिहावा याची रीत पुढे दिली आहे. तिच्यासाठी ग्रँडमास्टर असण्याची आवश्यकता नाही. गुणतक्ता नीट वाचता आला आणि बेरीज-वजाबाकी चुकली नाही, की पुरे.

नियमपत्रक आधी

स्पर्धा साखळी पद्धतीची आहे की बाद पद्धतीची, फेऱ्या किती, पहिल्या क्रमांकासाठी बरोबरी झाल्यास काय, आणि विजयाला गुण किती, हे चार प्रश्न खेळाडूंच्या नावांआधी सोडवावेत. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कॅन्डिडेट्स स्पर्धेत आठ खेळाडू परस्परांशी दोनदा, एकदा पांढऱ्या व एकदा काळ्या मोहऱ्यांनी खेळतात, म्हणजे चौदा फेऱ्या होतात. नेदरलँड्सच्या समुद्रकाठी विक आन झी या गावात दर जानेवारीत भरणाऱ्या टाटा स्टील स्पर्धेच्या मुख्य गटात चौदा खेळाडू एकेकदाच भेटतात, त्यामुळे तेरा फेऱ्यांत निम्म्या खेळाडूंना सात वेळा पांढरी मोहरी मिळतात आणि उरलेल्यांना सहा वेळा. हा फरक लहान दिसतो, पण समसमान बळाच्या दोन खेळाडूंमध्ये निवड करताना तो विचारात घ्यावा. नॉर्वे चेसमध्ये तर गणितच निराळे आहे. तेथे पारंपरिक, म्हणजे कित्येक तास चालणाऱ्या संथ डावातील विजयाला तीन गुण मिळतात, आणि डाव बरोबरीत सुटल्यास लगेच आर्मागेडनचा छोटा डाव होऊन त्यातील विजेत्याला दीड व पराभूताला एक गुण मिळतो. आर्मागेडनमध्ये काळ्याला वेळ कमी असतो, मात्र बरोबरी झाली तरी विजय त्याचाच धरला जातो. अशा स्पर्धेत ‘बरोबरी’ एवढाच अंदाज अपुरा ठरतो.

वेळापत्रकही पाहून ठेवावे, कारण जे पाहता येणार नाही त्याचा पाठपुरावा टिकत नाही. विक आन झीच्या फेऱ्या आपल्याकडे दिवेलागणीच्या सुमारास सुरू होतात, तर २०२४ ची कॅन्डिडेट्स टोरोंटोत असल्यामुळे डाव मध्यरात्री सुरू होत. तो महिना एप्रिलचा होता. आंब्याच्या पेट्या भरण्यासाठी जागणाऱ्या घरांना ती वेळ कदाचित सोयीची वाटली असेल. इतरांनी रात्री फक्त टक्केवारी लिहून झोपावे आणि सकाळी डाव पाहावेत, हेच बरे. नॉर्वे चेस मे-जूनमध्ये, म्हणजे कोकणात पावसाच्या तोंडावर येते. वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसतो अशा संध्याकाळी थेट चित्रीकरणाऐवजी केवळ चाली दाखवणारे लिचेससारखे पान उघडावे. त्याला डेटा फारच कमी लागतो.

रेटिंगवरून टक्के काढणे

खेळाडूचे बळ आकड्यात सांगणारी फिडेची रेटिंग यादी दर महिन्याच्या १ तारखेला प्रसिद्ध होते. दोन खेळाडूंच्या रेटिंगमधील फरकावरून अपेक्षित गुण काढण्याची एलो पद्धत सर्वपरिचित आहे. फरक शून्य असेल तर अपेक्षित गुण ०.५०, ५० असेल तर वरच्या खेळाडूचे ०.५७, १०० असेल तर ०.६४ आणि २०० असेल तर ०.७६. येथे अनेकांची गल्लत होते. ०.६४ म्हणजे जिंकण्याची शक्यता ६४ टक्के नव्हे. त्या आकड्यात विजयाचा पूर्ण गुण आणि बरोबरीचा अर्धा गुण दोन्ही मिसळलेले आहेत. ते वेगळे केल्याशिवाय अंदाज लिहिता येत नाही.

वेगळे करण्यासाठी आधी बरोबरीचा वाटा ठरवावा लागतो. या पातळीवर पारंपरिक डावांपैकी साधारण निम्मे किंवा त्याहून अधिक बरोबरीत सुटतात. २०१८ मध्ये लंडन येथे कार्लसन आणि कारुआना यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतील बाराही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले होते. म्हणून ५० ते ५५ टक्क्यांपासून सुरुवात करून, दोघेही सावध खेळणारे असतील तर तो वाटा थोडा वाढवावा, आणि रेटिंगचा फरक मोठा असेल तर घटवावा. त्यानंतर अपेक्षित गुणांतून बरोबरीच्या वाट्याचा निम्मा भाग वजा केला की विजयाची शक्यता हाती येते.

मोहऱ्यांच्या रंगाचा हिशेबही येथेच करावा. वरच्या दर्जाच्या डावांत पांढऱ्याला एकूण गुणांपैकी सुमारे ५४-५५ टक्के मिळतात, आणि रेटिंगच्या भाषेत हा लाभ साधारण ३५ गुणांचा धरता येतो. समजा, २७९० रेटिंगचा खेळाडू पांढऱ्या मोहऱ्यांनी २७४० च्या खेळाडूशी खेळतो आहे. फरक ५० अधिक ३५, म्हणजे ८५ झाला. अपेक्षित गुण सुमारे ०.६२. बरोबरी ५२ टक्के धरली तर विजय ३६ टक्के आणि पराभव १२ टक्के. हाच डाव रंग बदलून झाला, तर फरक केवळ १५ उरतो, अपेक्षित गुण ०.५२ होतात, आणि बरोबरी ५६ टक्के धरल्यास विजय २४ व पराभव २० टक्के येतो. रंग बदलताच वरच्या खेळाडूची विजयाची शक्यता एवढी खाली येते, हे आकडे प्रथम पाहणाऱ्याला पटत नाही. स्वतः एकदा कागदावर मांडून पाहावे.

संपूर्ण स्पर्धेचा विजेता कोण, हा याच आकड्यांचा पुढचा टप्पा आहे. संगणकावर तक्ता वापरणाऱ्यांनी प्रत्येक डावासाठी यादृच्छिक संख्या घेऊन वरील टक्क्यांप्रमाणे निकाल पाडावा, सर्व फेऱ्यांची बेरीज करावी, आणि ही संपूर्ण स्पर्धा काही हजार वेळा खेळवून कोण किती वेळा पहिला आला ते मोजावे. दहावी-बारावीतल्या मुलांना हे काम सांगावे, ते आनंदाने करतात. ज्यांना तेवढा खटाटोप नको, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की आठ जवळपास तुल्यबळ खेळाडूंच्या स्पर्धेत सर्वाधिक रेटिंगच्या खेळाडूलाही ३० टक्क्यांच्या फार वर नेऊ नये. २०२४ च्या कॅन्डिडेट्सपूर्वी कारुआना २८०३ वर आणि नाकामुरा २७८९ वर होते. गुकेश २७४३ रेटिंगसह आठांत सहावा होता. कारुआना आणि गुकेश यांच्यातला ६० गुणांचा फरक एका डावात साधारण ०.५८ आणि ०.४२ एवढाच भरतो. गुकेश १४ पैकी ९ गुण घेऊन पहिला आला, यात अचंबा आहेच, पण गणिताला तोंड लपवावे लागेल इतका नाही.

रेटिंग कोठे अपुरे पडते

सर्वप्रथम तळाच्या खेळाडूकडे पाहावे. त्या स्पर्धेत निजात अबासोव २६३२ वर होता आणि त्याने १४ डावांत साडेतीन गुण मिळवले. अशा वेळी विजेतेपदाच्या शर्यतीतील प्रत्येकाला तळाच्या खेळाडूविरुद्ध दोन डावांतून किती मिळणार, हा वेगळाच प्रश्न होऊन बसतो. गुकेशने त्याला दोन्हीदा हरवले. ज्यांना तेथे दोनऐवजी दीड गुण मिळाला, त्यांना उरलेला अर्धा गुण दुसरीकडे, अधिक कठीण ठिकाणी शोधावा लागला. म्हणून जोड्यांचा तक्ता हाती आला की तळाच्या खेळाडूशी कोणाची गाठ कोणत्या फेरीत आणि कोणत्या रंगाने आहे, यावर खूण करून ठेवावी.

परस्परांतील मागील डावांना लोक फार महत्त्व देतात. आमच्याकडे चर्चा सुरू झाली की पहिला मुद्दा हाच येतो. पण आघाडीच्या दोन खेळाडूंमध्ये पारंपरिक डाव वर्षाकाठी मोजकेच होतात, आणि एवढ्या थोड्या डावांवरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. २०२४ च्या कॅन्डिडेट्समध्ये नाशिकच्या विदित गुजराथीने नाकामुराला दोन्ही डावांत हरवले. रेटिंगमध्ये साठाहून अधिक गुणांचे अंतर असताना हे घडले, तरी एवढ्यावरून पुढच्या भेटीत विदितला झुकते माप देणे घाईचे ठरेल. दोन-तीन टक्के इकडेतिकडे करावेत, अधिक नाही.

फॉर्मचेही तसेच. २०१४ च्या सिंकफील्ड चषकात कारुआनाने पहिले सातही डाव जिंकले होते, आणि पाचव्या विजयानंतर सहाव्याची शक्यता किती लिहावी, हा प्रश्न तेव्हा कोणालाही चक्रावून टाकणारा होता. माझे मत असे की फॉर्म हा मुख्यतः पराभवानंतर पाहावा. हरलेला खेळाडू दुसऱ्या दिवशी काय करतो, लवकर बरोबरी साधून सावरतो की सूड उगवायला निघतो, हे त्याच्या जुन्या स्पर्धा चाळल्या तर दिसते, आणि ते विजयांच्या मालिकेपेक्षा अधिक उपयोगी पडते. गुकेश टोरोंटोत सातव्या फेरीत फिरुझाकडून हरला. पुढचा दिवस विश्रांतीचा होता, आणि आठव्या फेरीत त्याने विदितला हरवले. पराभव आणि विश्रांतीचा दिवस यांचा क्रम वेळापत्रकात आधीच पाहून ठेवावा.

डाव चालू असताना

थेट प्रक्षेपणात पटाशेजारी एक पट्टी वरखाली होत असते. संगणकाच्या मते कोण किती वरचढ आहे, हे ती दाखवते. नवख्या प्रेक्षकाचे सारे लक्ष तिच्यावर असते, आणि तेथेच त्याची दिशाभूल होते. संगणकाला दिसणारा विजय माणसाला घड्याळ चालू असताना सापडेलच असे नाही. टोरोंटोतील शेवटच्या फेरीत कारुआनाने नेपोम्नियाशीविरुद्ध जिंकण्याजोगी स्थिती मिळवली होती, पण ती हातून निसटली आणि १०९ चालींनंतर डाव बरोबरीत सुटला. उलट, १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरमध्ये डिंग लिरेन आणि गुकेश यांच्या चौदाव्या डावात स्थिती बराच काळ बरोबरीकडे झुकलेली होती. गुकेशकडे एक प्यादे अधिक होते, एवढेच. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ-२ या घरात नेण्याची चूक केली आणि डावाबरोबर जगज्जेतेपदही गेले. पट्टी पाहणाऱ्याला अपघात दिसला. घड्याळ आणि प्यादे पाहणाऱ्याला इतके तरी कळत होते की या स्थितीत एकच बाजू त्रास देऊ शकते आणि दुसरीने केवळ सोसायचे आहे.

त्यामुळे चालू डावाचा अंदाज बदलताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, चाळीसाव्या चालीपर्यंत कोणाकडे किती मिनिटे उरली आहेत. २०२४ च्या कॅन्डिडेट्समध्ये पहिल्या चाळीस चालींसाठी दोन तास मिळत होते आणि तोवर प्रत्येक चालीमागे वाढीव सेकंद मिळत नव्हते, म्हणून तिसाव्या चालीनंतर दहा मिनिटे उरलेला खेळाडू खरोखर संकटात असतो. दुसरी, धोका न पत्करता खेळत राहण्याची मुभा कोणाला आहे. तिसरी, सुरुवातीच्या चाली किती झपाट्याने झाल्या. पंधरा-वीस चाली क्षणात होऊन वजीर पटावरून उतरले असतील, तर दोघेही घरी केलेल्या तयारीत आहेत आणि बरोबरीचा वाटा ७० टक्क्यांच्या पुढे न्यायला हरकत नाही. काही स्पर्धांत गैरप्रकार टाळण्यासाठी चाली मुद्दाम उशिरा दाखवल्या जातात, तेव्हा पडद्यावरची मिनिटे ताजी आहेत की नाहीत हेही तपासावे.

शेवटच्या फेऱ्या

येथे रेटिंग मागे पडते आणि गरज पुढे येते. अकराव्या-बाराव्या फेरीनंतर प्रत्येक खेळाडूपुढे एक शब्द लिहावा: जिंकणे आवश्यक, बरोबरी पुरेशी, किंवा शर्यतीबाहेर. माझ्या अनुभवात हा एक शब्द आधीच्या सगळ्या टक्केवारीइतकाच कामाला येतो.

२०१३ च्या लंडनमधील कॅन्डिडेट्सचा अभ्यास यासाठी अवश्य करावा. शेवटच्या फेरीपूर्वी कार्लसन आणि क्रॅमनिक दोघांचेही साडेआठ गुण होते. नियमपत्रकानुसार बरोबरी झाल्यास एकमेकांविरुद्धच्या निकालानंतर अधिक विजय असलेला पुढे जाणार होता, आणि विजय कार्लसनचे अधिक होते. म्हणजे कार्लसनइतकाच निकाल क्रॅमनिकला पुरणार नव्हता. त्याला कार्लसनपेक्षा सरस निकाल हवा होता, तोही काळ्या मोहऱ्यांनी आणि इव्हानचुकसारख्या लहरी खेळाडूविरुद्ध. क्रॅमनिकसारख्या भक्कम खेळाडूने त्या दिवशी धोक्याचा पिर्क बचाव निवडला, तो याच गरजेपोटी, आणि तो हरला. तिकडे कार्लसनही पांढऱ्या मोहऱ्यांनी स्विडलरकडून हरला, त्यामुळे गुण सारखेच राहून कार्लसन आव्हानवीर ठरला. केवळ रेटिंग पाहून हे दोन्ही पराभव कोणी लिहिले नसते, पण दोन्ही डावांत बरोबरीचा वाटा एरवीपेक्षा पुष्कळ कमी धरायला हवा, एवढे नियमपत्रक वाचणाऱ्याला आदल्या रात्री कळू शकले असते.

इव्हानचुक तेव्हा तळाच्या भागात होता, आणि त्याआधी बाराव्या फेरीत त्याने कार्लसनलाही हरवले होते. शर्यतीबाहेर गेलेला खेळाडू सुस्त होतो असा समज आहे; तो आंधळेपणाने धरू नये. २०२५ च्या विक आन झी स्पर्धेत गुकेश आणि प्रज्ञानंद साडेआठ गुणांसह एकत्र आघाडीवर असताना दोघेही शेवटच्या फेरीत हरले. गुकेशला हरवणारा अर्जुन एरिगेसी होता, ज्याची ती स्पर्धा अत्यंत वाईट गेली होती. प्रज्ञानंदला जर्मनीच्या व्हिन्सेंट कायमरने हरवले. एकाच देशाचा सहकारी आहे, म्हणून नरमाईने खेळेल, असा हिशेब करणाऱ्यांना त्या दिवशी उत्तर मिळाले. (सहकाऱ्यांचे डाव साखळीच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत ठेवण्याची पद्धत कॅन्डिडेट्समध्ये पाळतात, तीमागे अशी शंका टाळण्याचाच हेतू असतो.)

‘बरोबरी पुरेशी’ या शब्दाचाही अर्थ बारकाईने लावावा. टोरोंटोत तेरा फेऱ्यांनंतर गुकेश साडेआठ, तर नाकामुरा, नेपोम्नियाशी आणि कारुआना प्रत्येकी आठ गुणांवर होते, आणि शेवटच्या फेरीत नाकामुरा-गुकेश व कारुआना-नेपोम्नियाशी अशाच जोड्या होत्या. गुकेश वगळता तिघांनाही विजय हवा होता. गुकेशला बरोबरीनेही किमान टायब्रेकर, म्हणजे समान गुण झाल्यास विजेता ठरवणारे जलद डाव, मिळणार होता. नाकामुराविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी त्याने बरोबरी साधली आणि दुसऱ्या पटावरचा निकाल लागेपर्यंत त्याला वाट पाहावी लागली. अशा वेळी दोन डावांचा एकत्रित तक्ता करावा: एका बाजूला एका डावाचे तीन निकाल, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचे, आणि नऊ चौकटींपैकी कोणत्या चौकटीत कोण पहिला, ते लिहावे. नऊपैकी ज्या चौकटींत टायब्रेकर येतो, त्यांच्यासाठी रॅपिड आणि ब्लिट्झ या कमी वेळाच्या डावांचे रेटिंग वेगळे पाहावे. पारंपरिक रेटिंग तेथे फारसे उपयोगी पडत नाही.

बाद पद्धतीची स्पर्धा

विश्वचषकात दोन पारंपरिक डाव आणि त्यानंतर गरजेनुसार कमी कमी वेळाचे डाव होतात. गोव्यात २०६ खेळाडू होते. पहिल्या पन्नासांना पहिल्या फेरीत सूट होती आणि तेथून पुढे विजेतेपदापर्यंत सात लढती होत्या. प्रत्येक लढत जिंकण्याची शक्यता ७० टक्के असलेल्या खेळाडूची सातही जिंकण्याची शक्यता जेमतेम ८ टक्के भरते; ८० टक्के धरली तरी २१. गुकेशच्या बाहेर पडण्याला अनेकांनी धक्का म्हटले, ते या आकड्यांकडे पाहिल्यावर सौम्य करावे लागते. बाद पद्धतीत विजेत्याचे नाव लिहिण्याऐवजी उपांत्यपूर्व फेरीत कोण कोण पोहोचेल, याचे टक्के लिहावेत. ते काम अधिक सुसह्य आणि शिकवणारे आहे.

स्वतःचे गुण मोजणे

अंदाज लिहिल्यानंतर त्याला गुण देण्यासाठी हवामानशास्त्रात वापरली जाणारी ब्रायर पद्धत सोपी आहे. जो निकाल लागला त्याला १ आणि इतर दोघांना ० धरून, प्रत्येक निकालासाठी लिहिलेल्या शक्यतेचे त्यापासूनचे अंतर काढावे, त्याचा वर्ग करावा आणि तिन्ही वर्गांची बेरीज करावी. बेरीज जितकी लहान, तितका अंदाज चांगला. ३६, ५२, १२ असे लिहून डाव बरोबरीत सुटला, तर बेरीज ०.३७ येते. ‘वरचा खेळाडू जिंकणारच’ म्हणून शंभर टक्के लिहिले आणि बरोबरी झाली, तर ती थेट २ होते. काहीच न समजता तिघांना समान वाटा देणाऱ्याला दर डावाला ०.६७ मिळतात, म्हणून एखाद्याची सरासरी त्याच्याहून मोठी आली, तर त्याने आपले आकडे अधिक मवाळ करावेत.

गावातल्या गटात हा खेळ पैशांवर करू नये. मालवणी खाजांचा एक पुडा पैजेला पुरतो, आणि तोही साऱ्यांनी मिळून संपवण्यासारखा असतो. नियम एकच कडक ठेवावा: पहिल्या पटाची पहिली चाल होण्याआधी प्रत्येकाने आपले आकडे गटाच्या वहीत किंवा व्हॉट्सॲपवर टाकावेत, त्यानंतर आलेले मोजू नयेत. विश्रांतीच्या दिवशी सर्वांनी बसून उरलेल्या फेऱ्यांसाठी बरोबरीचा वाटा पुन्हा ठरवावा, कारण स्पर्धेचा कल तोवर स्पष्ट झालेला असतो. मात्र जुन्या फेऱ्यांचे आकडे तसेच राहू द्यावेत. स्पर्धा संपल्यावर प्रत्येकाची सरासरी पारंपरिक डाव आणि टायब्रेकर यांसाठी वेगवेगळी काढावी, कारण दोहोंत एकच व्यक्ती पुढे असतेच असे नाही.